हायटस हर्निया: छातीत जळजळ नसली तरी ओळखायचा कसा, आणि धोका कुणाला जास्त?

प्रश्न: माझ्या आईचं वय 67. गेले सहा महिने तिला जेवल्यावर दम लागतो आणि चार घासांतच पोट भरतं. हिमोग्लोबिन 8.2 आलं म्हणून दुर्बिणीची तपासणी केली, तेव्हा मोठा हायटस हर्निया सापडला. तिला जळजळ मात्र जवळजवळ नाही. मी 39 वर्षांचा आहे. मला आठवड्यातून चार-पाच दिवस जळजळ होते आणि माझ्याही रिपोर्टमध्ये ‘लहान हायटस हर्निया, झडप सैल’ असं लिहिलं आहे. आम्हा दोघांना एकच आजार आहे का? याची लक्षणं कोणती, आणि तो कुणाला होतो?

उत्तर:

तुमच्या दोघांच्या रिपोर्टवर नाव एकच आहे, पण दुखणी दोन आहेत. स्वतःच्या हर्नियाची तुम्हाला वाटते तेवढी काळजी करायचं कारण नाही. आईच्या हर्नियाची मात्र जास्त करा. हे इतक्या ठामपणे सांगण्याचं कारण असं, की हायटस हर्निया म्हटलं की रुग्ण, आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा, फक्त जळजळ शोधतात. जळजळ हे बहुतेक वेळा लहान हर्नियाचं लक्षण. मोठा हर्निया पुष्कळदा दम, अशक्तपणा, लगेच भरणारं पोट अशा वाटेने समोर येतो. असा रुग्ण आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो, मग छातीच्या डॉक्टरांकडे, आणि पोटाच्या डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी.

आधी शरीरात काय बिघडतं ते सांगतो, म्हणजे लक्षणांचा अर्थ लागेल. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. अन्ननलिका त्यातल्या एका छिद्रातून खाली उतरते आणि जठराला मिळते. या छिद्राभोवती श्वासपटलाचे तंतू परकराच्या नाडीसारखा वळसा घालून असतात. आपण श्वास घेतला, खोकलो, वजन उचललं, की ते आवळतात आणि अन्ननलिकेचं खालचं टोक दाबून धरतात. अन्ननलिकेच्या टोकाला स्वतःचीही एक झडप असते, म्हणजे एरवी मिटून राहणारा आणि घास आला की उघडणारा स्नायूचा पट्टा. निरोगी माणसात ही दोन्ही एकाच पातळीवर असतात आणि दोघं मिळून आम्ल वर येऊ देत नाहीत.

अन्ननलिकेला त्या छिद्राच्या कडांशी धरून ठेवणारा एक लवचिक पापुद्राही असतो. आपण गिळतो तेव्हा अन्ननलिका आखडते, जठराशी असलेला तिचा सांधा किंचित वर सरकतो आणि हा पापुद्रा त्याला पुन्हा जागेवर आणतो. दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं हे चालू असतं. वयानुसार पापुद्र्याचा ताण जातो, छिद्र रुंदावतं. पोटातला दाब छातीतल्या दाबापेक्षा जास्त असल्याने वाट मोकळी झाली की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. हाच हायटस हर्निया.

जांघेतल्या किंवा बेंबीच्या हर्नियासारखा याचा फुगा बाहेर दिसत नाही, हातालाही लागत नाही. म्हणून पट्टा बांधण्याचा इथे उपयोग नाही. उलट कमरेला आवळलेला पट्टा पोटातला दाब वाढवून आम्ल वर ढकलतो. पाठदुखीसाठी दिवसभर पट्टा लावणाऱ्यांनी आणि परकराची नाडी फार आवळून बांधणाऱ्या स्त्रियांनी हे ध्यानात ठेवावं.

हर्निया चार प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो, कधी वर तर कधी खाली. याला सरकता हर्निया म्हणतात आणि शंभरांतल्या नव्वदहून अधिक रुग्णांना हाच असतो. तुमचा तो. दुसऱ्या प्रकारात सांधा जागेवर राहतो, पण जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेच्या शेजारून छातीत घुसतो. तिसऱ्यात दोन्ही घडतं. चौथ्यात जठराबरोबर मोठं आतडं, प्लीहा असे शेजारचे अवयवही वर जातात. आईच्या रिपोर्टमध्ये ‘मोठा’ असं लिहिलं आहे आणि लक्षणं अशी आहेत, म्हणजे तिचा बहुधा तिसऱ्या प्रकारचा असावा. सीटी स्कॅन किंवा बेरियमच्या तपासणीतून ते नक्की होईल.

तुमच्यासारख्यांची लक्षणं

लहान सरकता हर्निया असलेल्या कितीतरी जणांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी दुर्बीण घातली आणि तो दिसला, असं रोज घडतं. त्रास होतो तो आम्ल वर आल्यामुळे. झडप वर सरकली आणि श्वासपटलाचा वळसा खालीच राहिला, की दोघांची जोडी फुटते. त्यातच जेवणानंतर जठरातल्या अन्नावर ताज्या आम्लाचा थर जमतो. हर्निया असेल तर हा थर श्वासपटलाच्या वरच्या पिशवीत, अगदी अन्ननलिकेच्या तोंडाशी येऊन थांबतो. झडप जराशी उघडली तरी तो वर उसळतो. म्हणूनच जळजळ रिकाम्या पोटी कमी आणि जेवणानंतरच्या तासा-दोन तासांत जास्त होते.

जळजळ छातीच्या मधल्या हाडामागे होते आणि वर घशाकडे चढते. आंबट किंवा कडू पाणी घशाशी येतं. वाकून लादी पुसताना, बुटाची नाडी बांधताना, जेवून आडवं पडताना ती वाढते. माझ्या मते स्थितीशी असलेला हा संबंधच सगळ्यात बोलकी खूण आहे. ‘पित्त झालंय’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो: वाकल्यावर वाढतं का? रात्री उशिरा जेवून झोपलात तर घशाशी येऊन जाग येते का? उठून बसल्यावर थांबतं का? या तिन्हींना ‘हो’ असेल, तर आम्ल वर येतंय हे जवळपास ठरलं. केवळ पोट फुगणं, गुडगुडणं, वारा सरणं, डोकं दुखून उलटी होणं यालाही आपल्याकडे पित्त किंवा गॅसच म्हणतात, पण त्यांचा हर्नियाशी संबंध लावायला जाऊ नका.

काहींना जळजळ न होता सकाळी घसा खवखवतो, आवाज बसतो, रात्री कोरडा खोकला येतो, सतत घसा खाकरावासा वाटतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक यांना हे पटकन जाणवतं. तरी अशा प्रत्येक घशाला आम्लच कारण असतं असं नाही. सर्दी, धूळ, तंबाखू, दमा हे आधी तपासावं लागतं.

घास अडकणं मात्र वेगळं घ्या. भाकरीचा किंवा भाताचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतोय, पाणी पिऊन तो ढकलावा लागतोय, हे महिनाभरात वाढत चाललंय, वजन उतरतंय, तर गोळ्यांवर वेळ घालवायचा नाही. आम्लाने अन्ननलिका आकसणं, तिच्यात गाठ होणं, अशी कारणं शोधायला दुर्बीण लागतेच.

छातीत दुखलं तर आधी हृदय

हायटस हर्नियात छातीत दुखू शकतं, आणि ते दुखणं हृदयाच्या दुखण्यासारखंच असू शकतं, कारण दोन्ही अवयवांच्या संवेदना जवळजवळ त्याच मज्जातंतूंच्या वाटेने जातात. एकदा हर्नियाचं निदान हातात आलं, की पुढची प्रत्येक कळ माणूस त्याच्या खात्यात टाकतो. यातून जीव गेलेले आहेत.

चालताना, जिना चढताना दुखतं आणि थांबल्यावर कमी होतं, दुखणं जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात जातं, दरदरून घाम फुटतो, तर ते हृदयाचं समजूनच धावायचं. जेवल्यावर चालताना दुखत असलं तरीही. सोडा, इनो किंवा अँटासिड घेऊन बरं वाटलं म्हणजे गॅस होता, ही समजूत चुकीची आहे. हृदयाच्या दुखण्यातही तसं वाटू शकतं. उलट, जिभेखालच्या गोळीने आराम पडला म्हणजे हृदयच, हेही खरं नाही. त्या गोळीने अन्ननलिकेची कळसुद्धा सैलावते. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका केवळ मळमळ, दम, पोटाच्या वरच्या भागातली अस्वस्थता एवढ्यावरच येऊ शकतो. अशा वेळी घरात चर्चा करत बसू नका. 108 ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. ईसीजी आणि रक्ततपासणी नीट आल्यावर पोटाचा विचार करायला भरपूर वेळ असतो.

आईची लक्षणं

आता मुख्य मुद्दा. जठराचा अर्धाअधिक भाग छातीत गेला, तर तिथे तो जागा अडवतो. जेवल्यावर फुगला की फुप्फुस दाबतो, हृदयाच्या डाव्या कप्प्यावरही भार टाकतो. म्हणून आईला जेवल्यावर दम लागतो, बहुधा वाकल्यावरही लागत असेल. जठर मधोमध आवळलं गेल्याने अन्न पुढे सरकत नाही, म्हणून चार घासांत पोट भरतं, आणि कधी जेवण झाल्यावर छातीत गच्च होऊन थोडी उलटी झाली की मोकळं वाटतं. अशी वयस्कर मंडळी हळूहळू जेवण कमी करतात. घरच्यांना वाटतं, वयामुळे भूक मेली. विचारलं तर तीही म्हणतात, ‘मला आता एवढंच पुरतं.’

जळजळ का नाही? दुसऱ्या प्रकारात सांधा आणि झडप जागेवरच असतात, त्यामुळे आम्ल फारसं वर येत नाही. तिसऱ्या प्रकारात येतं, पण वयाबरोबर अन्ननलिकेची आम्ल जाणवण्याची क्षमताही मंदावते. सत्तरीच्या बाईंना जळजळ नाही म्हणजे अन्ननलिका ठीक आहे, असं समजता येत नाही.

आता हिमोग्लोबिन. 8.2 हे अगदी कमी आहे. स्त्रियांमध्ये 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. मोठ्या हर्नियात श्वासपटलाच्या कडेवर जठराचं अस्तर सतत घासलं जातं आणि तिथे रेषेसारख्या उभ्या जखमा होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या कॅमेरॉन आणि हिगिन्स यांनी 1986 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कॅमेरॉन जखमा म्हणतात. त्यांतून रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. शौचाचा रंग बदलत नाही, पोट दुखत नाही, आणि शरीरातलं लोह महिन्यामहिन्याने संपत जातं. या जखमा अशा कोपऱ्यात असतात की घाईने केलेल्या दुर्बिणीत निसटतात. आईच्या रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल, तर तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

तरीही 67व्या वर्षी एवढा रक्तक्षय एकट्या हर्नियावर ढकलून मोकळं होऊ नका. या वयात मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे, कारण तिथली गाठही अशीच गुपचूप रक्त घालवते. हर्निया सापडला की पुढचा शोध थांबतो, आणि खरं कारण मागे राहतं, असं होता कामा नये. आई गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेत असेल तर तेही सांगा. जठराला जखमा करण्यात त्या पुढे असतात.

शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली तर रक्तस्राव समजून त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर शौच काळपट होते, ती वेगळी. तिला तसा वास आणि चिकटपणा नसतो. शंका आली तर डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

आणखी एक प्रसंग घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. छातीत गेलेलं जठर कधीकधी स्वतःभोवती पिळलं जातं. तेव्हा पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत अचानक असह्य दुखतं, उमासे येतात पण काही पडत नाही, आणि रुग्णालयात नाकातून नळी घालायला गेलं तर ती जठरात उतरत नाही. या तीन खुणांचं त्रिकूट बोर्चार्ट यांनी 1904 मध्ये नोंदवलं आणि ते आजही तसंच शिकवलं जातं. जठराचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, म्हणून हे तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. जोराचे कोरडे उमासे आणि असह्य दुखणं एकत्र आलं की घरगुती उपाय करायचे नाहीत, पाणीसुद्धा पाजायचं नाही, जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात न्यायचं.

कुणाला होतो

वय हे पहिलं कारण. पन्नाशीनंतर प्रमाण वाढत जातं. दुसरं, पोटाचा घेर. इथे नुसतं वजन पाहू नका, कमर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पोटात साठलेली चरबी जठराला दिवसरात्र वर ढकलते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशा माणसाला ‘मी काही जाड नाही’ असं वाटतं, पण जठरावरचा भार त्याला टळत नाही.

तिसरं कारण आईच्या बाबतीत बारकाईने पाहा: पाठीला आलेलं पोक. हाडं ठिसूळ होऊन मणके दबतात, उंची कमी होते, बरगड्या कमरेच्या हाडाकडे झुकतात. पोटातली जागा आखडते आणि जठराला वर जाण्यावाचून वाट राहत नाही. मोठा हर्निया वयस्कर स्त्रियांत जास्त का आढळतो, याचं हे एक मोठं कारण. जपानमध्ये या संबंधाचा विशेष अभ्यास झाला आहे. आपल्याकडे मात्र आजी वाकली की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. आईची उंची तरुणपणापेक्षा तीन-चार सेंटिमीटरने कमी झाली असेल तर हाडांची घनता तपासून घ्या. त्यावर आठवड्याला एक अशी गोळी देतात, ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. मोठा हर्निया असलेल्या व्यक्तीने ही गोळी घ्यावी की इंजेक्शनचा पर्याय निवडावा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

मग वर्षानुवर्षं पोटावर जोर देणारी कामं आणि सवयी. जड ओझी उचलणं, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं. खोकल्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांची फुप्फुसं विडी न ओढताही खराब होतात, त्या रोज खोकतात, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर पोटातला दाब उसळतो. त्याच दम्याच्या काही औषधांनी झडप आणखी सैल पडते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनसारख्या गोळ्या आणि हृदयाच्या नायट्रेट गोळ्याही झडपेचा ताण कमी करतात. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, पण जळजळ वाढल्याचं सांगताना आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवायची.

बद्धकोष्ठतेबद्दल डेनिस बर्किट यांचं नाव घ्यायला हवं. युगांडात काम केलेल्या या आयरिश शल्यचिकित्सकांनी 1970च्या दशकात असं मत मांडलं, की चोथा नसलेला आहार, त्यामुळे कुंथणं आणि त्यातून वाढलेला पोटातला दाब यांमुळे पाश्चात्त्य देशांत हायटस हर्निया वाढला असावा. ते एकमेव कारण आहे असं कुणी म्हणत नाही, पण कुंथण्याने दाब वाढतो यात वाद नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालासकट फळं यांनी शौच मऊ राहत असेल तर तो या आजारातही फायदाच.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैलावते आणि वाढतं गर्भाशय जठराला वर दाबतं. त्या काळातली जळजळ बाळंतपणानंतर बहुधा थांबते. धूम्रपानाने झडप ढिली पडते आणि खोकलाही जडतो. अन्ननलिकेच्या या भागावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा मार्फान अथवा एहलर्स-डॅनलॉस यांसारखा ऊतींना सैल करणारा जन्मजात विकार असेल, तर धोका वाढतो. काही घराण्यांत तो जास्त दिसतो. तुमच्या मनात हा प्रश्न असणारच: आईला आहे म्हणून तुम्हालाही मोठा होईल असं नाही, पण पोटाचा घेर आणि खोकला यांची काळजी तुम्ही इतरांपेक्षा जास्त घ्यावी.

रिपोर्ट कसा वाचायचा

दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये समोरच्या दातांपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. समजा ‘जेड लाइन 36’ (अन्ननलिका आणि जठर यांची अस्तरं जिथे मिळतात ती रेघ) आणि ‘हायटस 38’ (श्वासपटलातलं छिद्र) असं असेल, तर फरक 2 सेंटिमीटर, म्हणजे लहान हर्निया. 2 हून कमी फरकावर मी हर्नियाचा शिक्का मारत नाही, कारण उमासे, श्वास आणि दुर्बिणीतून भरलेली हवा यांनीच एवढं अंतर इकडेतिकडे होतं. आकडे न लिहिता नुसतं ‘लहान हर्निया’ असं लिहिलं असेल तर त्यावरून घाबरून जाऊ नका. ‘लॅक्स एलईएस’, म्हणजे झडप सैल, हा शेरा आपल्याकडे असंख्य रिपोर्टवर असतो. ते डोळ्यांनी पाहून केलेलं अनुमान आहे. झडपेची ताकद मोजायची तर मॅनोमेट्री नावाची वेगळी तपासणी असते. अन्ननलिकेला सूज किंवा जखमा आहेत का, हे त्याहून महत्त्वाचं. ए ते डी अशा श्रेणीत त्या लिहितात. सी आणि डी असेल तर उपचार लांबतात.

पोटाची सोनोग्राफी ठीक आली म्हणून हर्निया नाही, असं म्हणता येत नाही. तिच्यात तो सहसा दिसत नाही. मोठा हर्निया मात्र कधीकधी छातीच्या साध्या एक्स-रेतच हृदयामागे हवा आणि पाण्याची पातळी म्हणून दिसतो. आईचा जुना एक्स-रे घरात असेल तर तो शोधून घेऊन जा. हर्निया किती जुना आहे ते त्यावरून कळू शकतं.

पुढे काय करायचं

तुम्ही रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटोपा. साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्या घरात कोणतीही गोळी पुरी पडत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावून तो 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. उशांचा ढीग नको, त्याने माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर दाब येतो. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. कमर कमी करा. पँटोप्रॅझॉलसारखी गोळी तुम्ही सकाळी चहा-बिस्किटानंतर घेत असाल तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. ती खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. साधारण आठ आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करून पाहायची. डॉम्पेरिडोन जोडलेली गोळी बहुतेकांना रोज लागत नाही, आणि साठीनंतर तिचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आईला ती कुणी लिहून दिली असेल तर फेरविचार करायला सांगा. घास अडकणं, रक्ताची उलटी, काळी शौच, वजन घटणं यांपैकी काही नसेल, तर दरवर्षी दुर्बीण करून घेण्याचीही तुम्हाला गरज नाही.

आईला शल्यचिकित्सकाला दाखवाच. ज्यांना मोठा हर्निया असूनही त्रास नाही, त्यांना आता सरसकट शस्त्रक्रिया सुचवत नाहीत. 2002 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका विश्लेषणात अशा रुग्णांना तातडीची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वर्षाला सुमारे एक टक्का निघाली, तेव्हापासून लक्ष ठेवून थांबण्याचा पर्याय सर्वमान्य झाला. पण आईला त्रास आहे: दम आहे, जेवण कमी झालंय, रक्त कमी झालंय. अशा वेळी, तब्येत भूल सोसण्याजोगी असेल तर, शस्त्रक्रियेचं पारडं जड होतं. दुर्बिणीतून पोटावर लहान छेद घेऊन जठर खाली ओढतात, छिद्र शिवतात आणि बहुधा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. गुंडाळण्याची ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केली. नंतर काही आठवडे मऊ अन्न खावं लागतं, ढेकर नीट येत नाही, पोट फुगल्यासारखं वाटतं. पुढच्या काही वर्षांत तपासणीत थोडा हर्निया पुन्हा दिसणं हेही असामान्य नाही, पण बहुतेकांचा त्रास त्यानंतरही कमीच राहतो. हे आधी कळलेलं बरं.

शल्यचिकित्सकांना विचारा की अशा मोठ्या हर्नियाच्या शस्त्रक्रिया ते नेहमी करतात का. साध्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपेक्षा हे काम अवघड आहे आणि अनुभवाने फरक पडतो. शस्त्रक्रियेआधी आईचं लोह भरून काढावं लागेल. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी तोंडावाटे घेतलेलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून सलाईनमधून देता येईल का हेही विचारा. तोवर तिला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला द्या. एका वेळी दोन भाकऱ्यांऐवजी अर्धी, आणि रात्री मऊ भात किंवा पेज. जेवल्यावर तासभर तिने टेकून बसावं, खाली वाकून भांडी घासायला लागू नये.